येलदरीचं पाणी ओसरलं की...

परभणी जिल्ह्यात पाणपक्षी पाहायला कधी जायचं, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "पहिलं आवर्तन सुटलं का?" जिंतूर तालुक्यातलं पूर्णा नदीवरचं येलदरी धरण तुडुंब भरलं की आपल्याला बरं वाटतं, पक्ष्यांना मात्र उथळ काठ लागतो. हरभऱ्या-गव्हासाठी कालव्याला पाणी सुटतं, फुगवटा मागे सरकतो, गाळ उघडा पडतो. वरच्या अंगाला कुणी गाळपेर करतं, खालच्या ओल्या पट्ट्यात तुतारी आणि शेकाट्या चोच खुपसत फिरतात. थोडक्यात, इथल्या पाहुण्यांची पंगत पाटबंधारे खातं वाढतं, तेही नकळत!

नाशिकचं नांदूर मध्यमेश्वर 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालं. ती पाणथळही मुळात गोदावरीवरच्या बंधाऱ्यात साचलेल्या गाळाचीच देणगी.

दुर्बिणीतून थापट्या बदक जरूर पाहा. चोच टोकाशी पसरट, उलथन्यासारखी. कडेला कंगव्यासारखे बारीक दाते. चोच पाण्याला टेकवून तो पुढे सरकतो, पाणी बाजूने निसटतं, किडे आणि बिया आत राहतात. कधी चार-सहा जण मिळून गोल-गोल फिरतात आणि खालचं खाद्य वर ढवळून काढतात. तलवार बदकाची तऱ्हा वेगळी: डोकं खाली, शेपूट आभाळाकडे. मराठवाड्यातल्या जलाशयांवर येणारा पट्टकादंब हंस तर थेट हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरच्याही वर तो उडाल्याची नोंद आहे. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतला प्राणवायूही घट्ट धरून ठेवतं.

आपल्या ज्वारीच्या मुलखात हिवाळी पाहुणा म्हटला की शेतकऱ्याला आधी आठवते ती भोरडी. कणसांवर थवा उतरला की गोफण निघते. तक्रार रास्तच आहे. पण हीच भोरडी टोळही फस्त करते, हे गोफण फिरवताना कोण आठवणार?

जायचं तर उजाडायच्या आत, सूर्य पाठीशी ठेवून. भडक कपडे नकोत. आणि फोटोसाठी टाळ्या वाजवून थवा उडवू नका. परतीच्या प्रवासाला लागणारी चरबी हे पक्षी इथेच अंगावर चढवतात. विनाकारण घेतलेली प्रत्येक भरारी त्यातूनच वजा होते. मार्च संपेपर्यंत बहुतेक बदकं निघून गेलेली असतात.