भेंडीचं बी घरचं धरावं की विकत आणावं?

गटांच्या बैठकीत एक प्रश्न आम्हाला हमखास येतो. भेंडीचं बी दर हंगामाला दुकानातूनच आणायचं का? घरचं धरलं तर चालत नाही का? ते बी कसलं आहे, यावर उत्तर अवलंबून आहे. म्हणून आज आम्ही परभणीच्या कृषी विद्यापीठात तयार झालेल्या एका भेंडीची माहिती सांगणार आहोत. तिचं नाव परभणी क्रांती.

भेंडीवरचा केवडा तुम्ही पाहिलाच असेल. काही गावांत त्याला हळद्या म्हणतात. आधी पानाच्या शिरा पिवळ्या होतात, मग सगळं पान, आणि शेवटी भेंडीही पिवळट, राठ निघते. असला माल बाजारात कोण घेणार? हा विषाणूचा रोग आहे. पांढरी माशी आजारी झाडाचा रस शोषते, मग निरोगी झाडावर बसते आणि रोग तिकडे पोचवते. झाडाला तो एकदा लागला की त्यावर औषध नाही. आपण फवारतो ते माशीवर.

पूर्वी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा सावनी ही भेंडी केवड्याला दाद देत नसे. पुढे तीही बळी पडू लागली. तेव्हा परभणीच्या विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी भेंडीच्या रानटी भावकीत शोध घेतला. तिथल्या एका जातीत रोग सोसण्याची ताकद होती. पुसा सावनीची तिच्याशी सोयरीक केली.

ही सोयरीक करतात कशी? भेंडीचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. म्हणून आदल्या संध्याकाळी कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे, कळीवर कागदी पिशवी चढवायची आणि सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावायचे. जालना, देऊळगाव राजा भागात बीजोत्पादनाच्या शेतांवर हे काम आजही बहुतेक बायकाच करतात. हात त्यांचे असतात, पाकिटावर नाव मात्र कंपनीचं.

पण रानटी जातीकडून ताकदीबरोबर नको ते गुणही येतात, आणि अशा दूरच्या संकरात बीही नीट भरत नाही. म्हणून तो संकर पुन्हा पुसा सावनीशी केला. मग पिढ्यानपिढ्या निरोगी, चांगल्या भेंडीची झाडं निवडत गेले. १९८५ च्या सुमारास परभणी क्रांती शेतकऱ्यांच्या हाती आली.

हा सरळ वाण आहे. त्याचं बी पेरलं तर आईसारखीच लेक उगवते. पाकिटावर संकरित किंवा एफ-१ लिहिलं असेल, तर ते बी पुन्हा पेरू नका. पुढच्या पिढीत एक झाड उंच, एक बुटकं, एक रोगट असं निघतं. संकरित वाईट असतं असं आमचं म्हणणं नाही. चांगल्या संकरिताचं उत्पन्न पुष्कळदा जास्त येतं आणि आज काही संकरित केवड्यालाही बरे टिकतात. शिवाय परभणी क्रांतीवरही आता अनेक ठिकाणी केवडा दिसतो, कारण विषाणूही बदलत असतो. पण परसबागेला आणि दहा-वीस गुंठ्यांना दर वेळी महागडं पाकीट आणायचं का, याचा हिशेब प्रत्येकीने मांडावा.

बी धरायचं तर एक रीत मोडायला हवी. आपल्याकडे तोडणी संपली की उरल्यासुरल्या जून शेंगांचं बी ठेवतात. म्हणजे चांगलं ते बाजारात आणि उरलं ते बियाण्याला! त्यापेक्षा वावराच्या मधली आठ-दहा निरोगी झाडं आधीच हेरा, त्यांना चिंधी बांधा आणि त्यांची भेंडी तोडूच नका. शिरा पिवळ्या दिसल्या तर ते झाड लगेच उपटा. शेजारी दुसऱ्या जातीची भेंडी नको, मधमाश्या पराग मिसळतात. प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत २०० मीटर अंतर ठेवतात. तेवढं जमलं नाही तरी जेवढं लांब तेवढं बरं. शेंगा तपकिरी होऊन उकलू लागल्या की काढा, बी सावलीत चांगलं वाळवा. दाताखाली कटकन फुटलं की डब्यात भरा. दोन-तीन वर्षांनी मूळ बी नवं आणा. विद्यापीठाच्या विक्री केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात भाजीचं बी शिल्लक आहे का, हे जाण्याआधी फोनवर विचारून घ्या.

आता काही गटांनी विचारलेला प्रश्न. हे बी आपल्याला विकता येईल का? वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ प्रमाणे शेतकऱ्याला आपलं बी ठेवता, पेरता, अदलाबदल करता आणि विकताही येतं. मात्र संरक्षित वाणाचं बी त्याच्या नावाचा छाप मारून, पाकीटबंद करून विकता येत नाही. आणि बियाण्याचं दुकान किंवा धंदा करायचा असेल तर कृषी खात्याचा परवाना लागतो. शेजारणीला मूठभर बी द्यायला कसलाच परवाना लागत नाही.