स्फोटकांच्या जुन्या लाकडी पेट्या

स्फोटकांच्या जुन्या लाकडी पेट्या म्हणजे डायनामाइट, जिलेटिनच्या कांड्या व दारूगोळा यांची वाहतूक आणि साठवण करण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्रास वापरल्या गेलेल्या पेट्या होत. पुठ्ठ्याची खोकी रूढ झाल्यावर त्या व्यवहारातून मागे पडल्या. आज जगभर त्यांचा संग्रह केला जातो. अशा पेटीचे मोल लाकडापेक्षा तिच्यावरील अक्षरांत आणि खुणांत असते, तर तिचा धोका लाकडात मुरलेल्या रासायनिक अवशेषांत असतो. म्हणून पेटी सुरक्षित असल्याची खात्री आधी आणि दुरुस्ती नंतर, हा तिच्या जतनातील पहिला नियम मानला जातो.

पार्श्वभूमी

बोरघाटातील रेल्वेमार्गाचे काम १८५६ ते १८६३ या काळात झाले. तेथील कातळ फोडण्यासाठी सुरुंगाची काळी दारू वापरली गेली, कारण डायनामाइट तेव्हा अस्तित्वात नव्हते. आल्फ्रेड नोबेल यांनी १८६७ मध्ये डायनामाइटचे एकस्व घेतले. नायट्रोग्लिसरीन हा अतिसंवेदनशील द्रव सच्छिद्र मातीत मुरवून त्याच्या कांड्या बनवण्याची ही युक्ती होती. काळी दारू लहान पिंपांतून नेली जात असे. कांड्यांसाठी मात्र चौकोनी पेटी सोयीची ठरली.

नोबेल यांची ब्रिटनमधील कंपनी १८७१ मध्ये स्थापन झाली. तिचा कारखाना स्कॉटलंडमधील आर्डीर येथे होता. १९२६ मध्ये नोबेल इंडस्ट्रीज व अन्य तीन कंपन्यांच्या विलीनीकरणातून इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज, म्हणजेच आय.सी.आय., ही कंपनी निर्माण झाली. भारतात खाणी, रेल्वे व धरणे यांसाठी लागणारी औद्योगिक स्फोटके दीर्घकाळ आयात होत. १९५८ मध्ये तत्कालीन बिहारमधील (आता झारखंड) गोमिया येथे इंडियन एक्सप्लोझिव्हज लिमिटेडचा कारखाना सुरू झाला. लष्करी दारूगोळ्याचे उत्पादन मात्र देशात पूर्वीपासून होत होते. पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ मधील आहे.

रचना

औद्योगिक स्फोटकांच्या पेट्या बहुधा पाइनसारख्या सूचिपर्णी वृक्षांच्या हलक्या लाकडाच्या असत. हे लाकूड स्वस्त, वजनाला हलके आणि कापायला सोपे असते. चांगल्या पेटीचे कोपरे केवळ खिळ्यांवर न सोडता दोन फळ्यांना दाते पाडून एकमेकांत बसवलेले असत. त्यामुळे धक्के बसूनही पेटी उकलत नसे. ब्रिटिश व अमेरिकी पेट्यांत साधारणतः ५० पौंड माल असे. कांड्या मेणकागदात गुंडाळलेल्या असत आणि पेटीच्या आतही ओल रोखणाऱ्या कागदाचे अस्तर असे. लोखंडावर लोखंड आपटून ठिणगी उडू नये म्हणून पेटी उघडताना लाकडी पाचर व लाकडी हातोडा वापरण्याची शिस्त होती.

मजकूर लाकडावर ठशाने छापलेला, साच्यातून रंगवलेला किंवा तापवलेल्या ठशाने डागलेला असे. त्यात उत्पादकाचे नाव, स्फोटकाचा प्रकार, वजन, धोक्याची सूचना व कधी कधी उत्पादनाची तारीख असे. रिकाम्या पेट्या पुन्हा न वापरता नष्ट करण्याची प्रथा खाणकामात होती. सुस्थितीतील पेट्या दुर्मीळ असण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

नवी मुंबई व परिसर

सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि नवी मुंबई वसू लागली. परंतु या भूभागाचा सुरुंगाशी असलेला संबंध त्याहून जुना आहे. शहराच्या पूर्वेस पसरलेल्या पारसिक डोंगररांगेतील रेल्वेचा सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा बोगदा १९१६ मध्ये वाहतुकीस खुला झाला. पुढे याच पट्ट्यात तुर्भे, पावणे, महापे या भागांत काळ्या दगडाच्या खाणी चालल्या. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी उलवे येथील टेकडी सुरुंग लावून उतरवण्यात आली. त्या काळापर्यंत स्फोटकांच्या पेट्यांतून लाकूड केव्हाच हद्दपार झाले होते.

खाडीपलीकडील मुंबईत माझगावजवळचा ‘दारूखाना’ हा भाग दारूच्या जुन्या कोठाराची आठवण नावातच जपून आहे. आज तो जहाजे तोडण्यासाठी आणि भंगारासाठी ओळखला जातो. स्फोटकांच्या वाहतुकीतील जोखमीचे सर्वांत भीषण उदाहरणही याच बंदरात घडले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागून त्यावरील सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा यांचा स्फोट झाला. त्यात शेकडो लोक मृत्युमुखी पडले. आग विझवण्यास गेलेल्या अग्निशमन दलाच्या ६६ जवानांचाही त्यांत समावेश होता. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

ओळख व कालनिर्णय

पेटीचे वय ठरवताना एकाच खुणेवर विसंबून न राहता अनेक खुणा ताडून पाहाव्या लागतात.

• कंपनीचे नाव : आय.सी.आय.चे नाव असलेली पेटी १९२६ नंतरची असते.
• वजनाचे एकक : भारतात मेट्रिक वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. पौंडांतील वजन बहुधा त्याआधीचा काळ किंवा आयात सुचवते. किलोग्रॅममधील वजन देशी पेटीवर त्यानंतरचेच असते.
• स्क्रू : अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले. त्याहून जुन्या म्हणवल्या जाणाऱ्या पेटीत ते आढळल्यास नंतरची दुरुस्ती किंवा बनावट संभवते.
• लष्करी खुणा : ब्रिटिश सरकारी मालमत्तेवर बाणाच्या टोकाची खूण असे. खडकीच्या काडतुसांवर ‘के’ व ‘एफ’ ही इंग्रजी अक्षरे आढळतात.
• निर्यात-लाकडाचा शिक्का : गव्हाच्या लोंबीचे चिन्ह व ‘एचटी’ किंवा ‘एमबी’ ही इंग्रजी अक्षरे असलेला शिक्का २००२ मध्ये स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मारला जातो. न्हावाशेवा बंदरातून ये-जा करणाऱ्या मालाच्या खोक्यांवर तो नेहमी दिसतो. अशा फळ्यांपासून केलेली ‘पुरातन’ पेटी उघडच नवी असते.

अक्षरे जुन्या ओरखड्यांच्या खाली आहेत की वर, हेही पाहावे. खऱ्या पेटीत ओरखडा अक्षराला छेदून जातो. नकली पेटीत रंग ओरखड्याच्या आत उतरलेला दिसतो.

धोके

जुने डायनामाइट उष्णतेने व कालांतराने ‘घाम’ सोडते, म्हणजे त्यातील नायट्रोग्लिसरीन पाझरून बाहेर येते. हा द्रव पेटीच्या तळाशी, सांध्यांत व फळ्यांच्या रेषांत मुरू शकतो. तो आघाताने व घर्षणाने स्फोट पावतो. त्यामुळे तेलकट काळपट डाग, चिकटपणा, स्फटिक किंवा अस्तराचे जुने कागद दिसल्यास पेटी हलवू नये, उघडू नये, खरवडू नये, तिला उष्णता देऊ नये आणि घरगुती उपायांनी तिची चाचणीही करू नये. अशा वेळी दूर जाऊन ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. पुढील काम बॉम्बशोधक व नाशक पथकाचे असते. पेटीत कांडी, डिटोनेटर किंवा काडतूस सापडल्यासही हेच करावे. नायट्रोग्लिसरीन त्वचेतून शरीरात शोषले जाते व रक्तवाहिन्या रुंदावते. ते हाताळणाऱ्या कामगारांना तीव्र डोकेदुखी होत असे.

डाग न दिसणे म्हणजे पेटी निर्धोक असणे नव्हे. पूर्वेतिहास माहीत नसलेल्या डायनामाइटच्या पेटीवर तज्ज्ञाच्या तपासणीविना कोणतेही काम करू नये. याशिवाय जुन्या रंगांत शिसे असू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही अमेरिकी लष्करी पेट्यांवर पेंटाक्लोरोफेनॉल या विषारी परिरक्षकाची प्रक्रिया केलेली असे. म्हणून या पेट्यांत धान्य, फळे किंवा मुलांची खेळणी ठेवू नयेत.

जतन व दुरुस्ती

तपासणीत निर्धोक ठरलेल्या पेटीची प्रथम सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत व मोजमापे लिहून ठेवावीत. त्यानंतर मऊ ब्रशने धूळ काढावी. पाण्याने धुतल्यास लाकूड फुगते व शाई पसरते. पॉलिश पेपर किंवा रंधा मारणे ही सर्वांत सामान्य आणि कधीही न भरून येणारी चूक होय. लाकूड उजळते, पण अक्षरे जातात आणि त्यांच्याबरोबर पेटीची ओळखही जाते.

कोकणपट्टीच्या दमट हवेत वाळवी, भुंगेरे व बुरशी हे मुख्य शत्रू ठरतात. नवी आणलेली पेटी काही आठवडे इतर लाकडी सामानापासून वेगळी ठेवावी व खाली ताजा भुसा पडतो का ते पाहावे. कीड असल्यास संग्रहालयांत वस्तू प्लॅस्टिकमध्ये बंद करून उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास गोठवण्याची पद्धत आहे.

सुटलेले सांधे सरसाने जोडावेत. सरस कोमट ओलाव्याने पुन्हा सोडवता येतो; आधुनिक पांढरा डिंक सहसा तसा सुटत नाही. केलेली दुरुस्ती पुढच्या पिढीला उलटवता यावी, हे जतनशास्त्राचे तत्त्व येथेही लागू पडते. मूळ खिळे शक्यतो काढू नयेत. तुटलेली फळी नव्याने बसवल्यास तिच्यावर जुनी अक्षरे पुन्हा रंगवू नयेत. नवा भाग नवाच दिसू द्यावा. शेवटी मेणाचा अतिशय पातळ हात पुरेसा असतो, तोही न दिसणाऱ्या कोपऱ्यात आधी करून पाहावा. जवसाच्या तेलाने लाकूड काळवंडते. शिवाय त्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पेटी थेट उन्हात ठेवू नये, कारण उन्हाने शाई उडते.

कायदेशीर बाबी

भारतात स्फोटकांचे नियमन स्फोटके अधिनियम, १८८४ व स्फोटके नियम, २००८ यांनुसार होते. त्याची अंमलबजावणी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना (पेसो) करते. तिचे मुख्यालय नागपूर येथे असून पश्चिम विभागाचे कार्यालय नवी मुंबईत, सी.बी.डी. बेलापूर येथे आहे. स्फोटके विनापरवाना बाळगणे हा गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुनी पेटी पुरावशेष व बहुमूल्य कलावस्तू अधिनियम, १९७२ च्या व्याख्येत येऊ शकते. असा पुरावशेष खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.

हेही पाहा

• डायनामाइट
• आल्फ्रेड नोबेल
• मुंबई गोदीतील स्फोट, १९४४
• पारसिक बोगदा