दाढ काढल्यावर शहाळे प्यावे, पण स्ट्रॉने नव्हे

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या रायगडच्या किनाऱ्यावर घरात कोणी आजारी पडले की प्रथम आठवते ते शहाळे. अक्कलदाढ काढून आलेल्या रुग्णालाही घरची मंडळी मोठ्या प्रेमाने तेच देतात. शहाळ्याचे पाणी उत्तमच. अपाय होऊ शकतो तो त्यात खोचलेल्या स्ट्रॉने. यामागचे कारण समजले की बहुतेक सर्व पथ्यांचा उलगडा होतो.

दाढ काढल्यावर हाडात खळगा उरतो. त्यात रक्त साकळून गुठळी बनते. ही गुठळी म्हणजे जखमेचे नैसर्गिक झाकण; तिच्याच आधाराने जखम भरून येते. स्ट्रॉने पेय ओढताना पडणाऱ्या ताणाने ती निसटू शकते. जोराने चूळ भरणे, सारखे थुंकणे आणि धूम्रपान हेही तितकेच घातक. गुठळी गेली की हाड उघडे पडते आणि दोन-चार दिवसांनी कानापर्यंत जाणारा असह्य ठणका सुरू होतो. यालाच ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात.

पहिला दिवस

तोंडाची बधिरता जाईपर्यंत काहीही खाऊ नये. गाल किंवा ओठ चावला गेला, जीभ भाजली, तरी त्या वेळी कळत नाही. बधिरता गेल्यावर गार दूध, मिरची न घातलेले ताक, सुकामेवा नसलेले आइस्क्रीम, निववलेले नाचणीचे सत्त्व असे पदार्थ घ्यावेत. शहाळ्याचे पाणी पेल्यात ओतून प्यावे. चहा पूर्ण निवू द्यावा. उष्णतेने रक्तस्राव पुन्हा सुरू होऊ शकतो. मद्य कटाक्षाने टाळावे.

दुसऱ्या दिवसापासून

भाताची कोमट पेज, गुरगुट्या भात, मुगाची पातळ खिचडी, कुस्करलेले केळे चालते. जखम भरण्यास प्रथिने लागतात, म्हणून मऊ अंडे किंवा डाळीचे वरण घ्यावे. मासे खाणाऱ्यांनी ओले बोंबील अथवा पापलेट शिजवून, काटे नीट काढून, बिनतिखट खावेत. घास दुसऱ्या बाजूने चावावा. आंबट-तिखट सोलकढी, पेणचे पोह्यांचे पापड, सुकट, तीळ आणि फरसाण काही दिवस दूर ठेवावे. त्यांनी जखम चुरचुरते किंवा कण खळग्यात अडकतात. चोवीस तासांनंतर, जेवण झाल्यावर, कोमट पाण्यात थोडे मीठ घालून ते तोंडात हलकेच फिरवावे व अलगद बाहेर सोडावे.

सुपारीचा मोह

श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे आणि जेवणानंतर तिचे खांड तोंडात टाकण्याची सवय अनेकांना असते. जखम ओली असताना सुपारी, तंबाखू, मिश्री यांतले काहीही तोंडात घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले आहे. तेव्हा नाइलाजाने सुटलेली सवय पुन्हा न जोडणेच शहाणपणाचे.

हे विसरू नये

वेदनाशामक गोळी उपाशीपोटी घेऊ नये. मधुमेहींनी नेहमीचे औषध घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. मात्रेविषयी डॉक्टरांना आधीच विचारावे. रक्त पातळ करणारी औषधे परस्पर बंद करू नयेत.

थोडी सूज आणि लाळेत रक्ताची छटा पहिल्या दिवशी स्वाभाविक आहे. परंतु घडी दाबून धरूनही रक्त न थांबणे, तिसऱ्या दिवसानंतर वेदना किंवा सूज वाढणे, ताप येणे ही लक्षणे दिसताच दंतवैद्यांना दाखवावे. गिळताना वा श्वास घेताना त्रास झाल्यास तडक रुग्णालय गाठावे. किनाऱ्यावरच्या अनेक गावांतून दवाखाना दूर असतो; म्हणून रात्र पडण्याची किंवा सकाळच्या एसटीची वाट पाहू नये.