मतदानाविना खासदार : सुरत, २०२४

७ मे २०२४ रोजी लिंबायत-उधन्यातल्या खानदेशी वस्त्यांनी मतदान केलं, कारण हा भाग नवसारी लोकसभा मतदारसंघात येतो. कतारगाम, वराछाकडच्या सुरतकरांना मात्र लोकसभेसाठी मतदान केंद्रच नव्हतं. त्यांचा खासदार २२ एप्रिललाच ठरला होता.

उमेदवारी अर्जावर त्याच मतदारसंघातल्या सूचकाची सही लागते. काँग्रेसचे नीलेश कुंभाणी यांच्या सूचकांनी ‘सह्या आमच्या नाहीत’ असं लिहून दिलं आणि छाननीत अर्ज बाद झाला. पर्यायी उमेदवाराचाही तसाच गेला. मग बसपासह उरलेल्या आठही जणांनी माघार घेतली. रिंगणात एकटे भाजपचे मुकेश दलाल राहिले. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ५३(२) नुसार एकच उमेदवार उरला की मतदान न घेता त्याला विजयी घोषित करतात. त्यामुळे ‘नोटा’चं बटणही मतदारापर्यंत पोचत नाही. हे मला फार खटकतं: नाकारण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला, पण जिथे पर्याय उरत नाही नेमका तिथेच तो मिळत नाही.

अर्ज चुकीने बाद झाला असं वाटलं तरी निवडणूक मध्येच थांबवता येत नाही. घटनेचं कलम ३२९(ब) आडवं येतं. पोन्नुस्वामी खटल्यात १९५२ मध्येच ते स्पष्ट झालं. निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका, एवढीच वाट. ती याचिका उमेदवाराइतकीच त्या मतदारसंघातल्या साध्या मतदारालाही करता येते.