शाप, वाळू आणि नदीचं वळण

सरगूरजवळून वाहणारी कपिला, म्हणजेच काबिनी, टी. नरसीपूरला कावेरीला मिळते. तिथून थोडं पुढे गेलं की नदी मोठं वळण घेते आणि त्या वळणावर तलकाड लागतं. ही गंग राजांची जुनी राजधानी. समुद्र कुठल्या कुठे, तरी इथे वाळूच्या टेकड्या आहेत आणि त्यांच्या पोटात देवळं! होयसळ विष्णुवर्धनाच्या काळातलं कीर्तिनारायणाचं देऊळ तर वाळू उपसून मोकळं करावं लागलं.

लोक सांगतात, हा अलमेलम्माचा शाप. १६१० मध्ये म्हैसूरच्या राजा वडियार यांनी श्रीरंगपट्टण घेतलं. तिथल्या विजयनगरच्या प्रतिनिधीची ही पत्नी. दागिन्यांसाठी सैनिक मागे लागले, तेव्हा तिने कावेरीत उडी घेतली आणि जाताना तीन शाप दिले: तलकाडची वाळू होवो, समोरच्या मालंगीला डोह पडो, म्हैसूरच्या राजांना मूलबाळ न होवो.

आता नदीकडेच बघा. वळणावर पाणी बाहेरच्या काठाला जोरात घासतं आणि तिथला तळ खोल खणतं. आतल्या काठाला त्याचा वेग मंदावतो आणि त्याने वाहून आणलेली वाळू तिथेच बसते. मालंगीचा डोह आणि तलकाडची वाळू, दोन शाप एकाच वळणाने फेडले!

पण नदीतली वाळू गावात कशी चढली? विजयनगरच्या काळात, चौदाव्या शतकात, तलकाडच्या वरच्या अंगाला माधवमंत्र्याचा बंधारा झाला. शास्त्रज्ञ आणि कन्नड कादंबरीकार के. एन. गणेशय्या यांनी यात त्यालाही दोष दिला आहे. पाणी अडलं, पात्रातली वाळू उघडी पडली आणि नैर्ऋत्येचा वारा ती उचलू लागला. म्हणजे नाश सुरू झाला तो शापाच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी. मला हे पटतं, कारण यातली प्रत्येक पायरी आजही तपासता येते.

एक कण डोळ्यांसमोर आणा. वाऱ्याने तो उचलला जातो, थोडासा उडतो, खाली आदळतो आणि आदळताना आणखी काही कण उडवतो. तेही तसेच पुढे. वाऱ्याकडची बाजू हळूहळू चढत जाते, माथ्यावरून वाळू पलीकडे तिशीच्या वरच्या अंशांत घसरते आणि अख्खी टेकडी सरकते. देऊळ गिळायला एवढं पुरतं. फक्त घाई नसावी.

उरला तिसरा शाप. म्हैसूरच्या घराण्यात दत्तकं बरीच झाली, हे खरंच. पण शापानंतरच चिक्कदेवराजाच्या (१६७३–१७०४) मागे त्याचा मुलगा गादीवर आला आणि त्या मुलाच्या मागे त्याचाही मुलगा. पुढच्या काळातही राजांना मुलं झाली. मग कथेने वाट काढली: शाप एकाआड एक पिढीला लागतो! दत्तकाचं मूल चालतं, त्याच्या मुलाचं नाही. घडेल ते सामावून घेणारी ही कथा कधीच खोटी ठरू शकत नाही, आणि म्हणूनच ती पुढची पिढी कशी असेल हे आधी सांगूही शकत नाही. बंधाऱ्याचं तसं नाही. वाळूच्या थरांचं वय त्याच्याशी जुळलं नाही, तर तो दोषमुक्त होईल.

अलमेलम्माचं दुःख मात्र यातून पुसलं जात नाही. जिच्या दागिन्यांसाठी सैन्य धावलं, ती बाई लोकांनी शतकं विसरली नाही, हे त्या कथेचं देणं आहे. वाळूचं उत्तर तिच्याकडे मागायला नको होतं.