भ्रम खोटा, भय खरे

माधवनगरच्या पेठेत दोघे जण हलक्या आवाजात बोलत उभे असले, तर येणाऱ्याजाणाऱ्याला त्यात वावगे वाटत नाही. छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, जडलेल्या माणसाला मात्र तेथे आपल्याविरुद्ध कट शिजतो आहे, अशी पक्की खात्री वाटू शकते. घरची माणसे प्रथम समजूत घालतात, मग रागावतात आणि कित्येकदा अखेरीस देवऋष्याची पायरी चढतात. रुग्णाचा समज चुकीचा असतो, हे खरे. परंतु त्याला वाटणारे भय खोटे नसते, हे आपल्या समाजाने अद्याप पुरतेपणी जाणलेले नाही.

मेंदूच्या अंतर्भागात दोन्ही बाजूंस बदामाच्या आकाराचा अमिग्डाला नावाचा लहानसा भाग असतो. धोक्याची दखल घेण्याच्या कामी त्याचा वाटा मोठा आहे. निरोगी मेंदू घातक काय आणि निरुपद्रवी काय, यांत भेद करतो; या आजारात तो भेद पुसट होतो, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. भेदरलेला चेहरा पाहून उमटणारा प्रतिसाद क्षीण असतो, तर निर्विकार चेहराही मेंदूला नको तितका सावध करतो. मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, डोपामिन या रसायनाच्या अवेळी स्रवण्याने क्षुल्लक गोष्टींना अवास्तव महत्त्व येते आणि त्याचा अर्थ लावण्याच्या धडपडीतून भ्रम आकार घेतो.

वादविवादाने भ्रम का हटत नाही, याचे उत्तर येथे मिळते. मेंदूनेच धोक्याची सूचना दिली असता केवळ युक्तिवादाने ती मिटावी कशी? डोपामिनचा प्रभाव आवरणारी औषधे १९५० च्या दशकापासून उपलब्ध आहेत. घरातील सततची टीका आणि कडवटपणा यांमुळे आजार उलटण्याचा संभव वाढतो, हेही संशोधनाने दाखविले आहे. शांत घर हा उपचाराचाच भाग होय.

पुण्यात जगन्नाथ वाणी यांनी उभारलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्णांच्या कुटुंबीयांना आधार दिला. २००४ च्या ‘देवराई’ चित्रपटाने हा आजार मराठी घराघरांत चर्चेला आणला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरले आहे, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णास साखळदंडाने बांधणे निषिद्ध केले आहे. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही आता उपलब्ध आहे.

एवढे असूनही पहिली वाट देवऋष्याची धरली जाते, याचे कारण लोकलज्जा. माधवनगरहून सांगली-मिरजेची रुग्णालये दूर नाहीत. मधुमेहासाठी जे कुटुंब निःसंकोचपणे तेथे जाते, त्याने भेदरलेल्या मुलाला घेऊन तितक्याच मोकळेपणाने आणि वेळ न दवडता जावे. उपचारास जितका विलंब, तितका पुढे बरे होण्याचा मार्ग खडतर होतो.