वारंवार तुटणारी फाइल-जोडणी : कारणमीमांसा

समजा, कृष्णेच्या पाणीपातळीच्या अनेक वर्षांच्या नोंदी सांगली येथील एका लिनक्स सर्व्हरवर ठेवल्या आहेत व साताऱ्यातील अभ्यासक त्या आपल्या संगणकावर 'माउंट' करून, म्हणजे जोडून घेऊन, वापरीत आहेत. पावसाळ्यात वीज जाते, सर्व्हर पुन्हा सुरू होतो आणि साताऱ्यात 'स्टेल फाइल हँडल' असा संदेश उमटतो. जोडणी सोडून पुन्हा केली की काम चालू होते. पण पुढील खेपेस पुन्हा तोच अनुभव येतो. अशा वेळी पुनर्जोडणी ही केवळ तात्पुरती सोय होय. मूळ दोष कोठे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ही जोडणी 'नेटवर्क फाइल सिस्टिम' या पद्धतीने होते. सन मायक्रोसिस्टिम्सने ती १९८४ मध्ये विकसित केली. तिच्या आरंभीच्या आवृत्त्यांत कोणी कोणती फाइल उघडली आहे, हे सर्व्हर ध्यानात ठेवीत नसे. चौथ्या आवृत्तीत तो काही स्मृती बाळगतो. तथापि मूळ तत्त्व कायम आहे. ग्राहक-संगणक प्रत्येक मागणीबरोबर एक खूण सादर करतो. लिनक्समध्ये या खुणेत सामान्यतः तीन गोष्टी असतात : फाइल-व्यवस्थेची ओळख, तीतील फाइलचा क्रमांक (आयनोड) आणि त्या क्रमांकाची पिढी. फाइलचे नाव सर्व्हरला त्या खुणेतून कळत नाही.

येथे आपल्याकडील जमिनीच्या दप्तराचे उदाहरण उपयोगी पडेल. १९४७ च्या कायद्यान्वये जेथे एकत्रीकरण झाले, तेथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना नंबर घेऊन तलाठ्याकडे गेलेल्या मनुष्यास शेत जागेवर असूनही उतारा मिळत नाही. शिळ्या खुणेची स्थिती अशीच असते. फाइल पुसली गेली असेल, तर खूण शिळी होणे रास्तच आहे. पण फाइल जागेवर असताना ती शिळी होत असेल, तर क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेतच बदल झाला, असे समजावे.

हा बदल बहुधा दोन प्रकारे घडतो. फाइल-व्यवस्थेस स्थिर ओळख नसेल, तर सर्व्हर उपकरणाच्या क्रमांकावर विसंबतो आणि तो क्रमांक पुनरारंभानंतर बदलू शकतो. 'एक्सपोर्ट्स' फाइलीत 'एफएसआयडी' हा पर्याय देऊन ओळख निश्चित करणे, हा यावरील उपाय होय.

दुसरा प्रकार अधिक घातक आहे. सर्व्हर सुरू होताना नोंदींची डिस्क जोडली जाण्यापूर्वीच तिची रिकामी निर्देशिका बाहेर खुली होते. त्या अवधीत कोणी जोडणी करून नोंदी लिहिल्या, तर त्या मूळ डिस्कवर जातात आणि खरी डिस्क जोडली जाताच तिच्याखाली झाकल्या जातात. डिस्क प्रत्यक्ष जोडलेली असेल तरच निर्देशिका खुली व्हावी, यासाठी 'माउंटपॉइंट' हा पर्याय आहे.

'सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग' हा संदेश मात्र निराळा आहे. तेथे खूण नव्हे, संपर्क तुटलेला असतो. तिसऱ्या आवृत्तीस १११ व २०४९ यांखेरीज इतरही पोर्ट लागतात; चौथीस २०४९ हे एकच पुरते. म्हणून दोन गावांतील जोडणीस चौथी सोयीची. संपर्क तुटताच संगणक अडकून पडतो, म्हणून कित्येक जण 'हार्ड'ऐवजी 'सॉफ्ट' जोडणी पत्करतात. परंतु 'सॉफ्ट' जोडणी ठरावीक प्रयत्नांनंतर माघार घेते आणि लेखन अर्धवट राहू शकते. संशोधनाच्या नोंदी जेथे लिहावयाच्या आहेत, तेथे 'हार्ड' जोडणीच योग्य; कारण खोळंब्याने वेळ जातो, अर्धवट नोंदीने निष्कर्षच बिघडतो.

सारांश, संदेश शब्दशः वाचावा. दोष खुणेचा की संपर्काचा, हे ठरवावे. त्यानंतर सर्व्हरच्या नोंदवहीत डिस्क आधी जोडली गेली की निर्देशिका आधी खुली झाली, हे पाहावे. पुनर्जोडणीस हात घालावयाचा तो त्यानंतरच.